बिडाच्या भुजेचे ऑस्टेम्परिंग: तीन लॉटनंतर एका उष्णोपचार सेवेविषयी

आमच्या यंत्रात एक भुजा आहे, जी मिनिटाला सुमारे ३०० वेळा पुढेमागे हलते. या गतीने एक कोटी फेरे तेवीस-चोवीस दिवसांच्या सलग चालण्यातच पूर्ण होतात, त्यामुळे तिच्याबाबतीत एकदाच किती भार पेलला जातो या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. तोच मध्यम भार पुन्हा पुन्हा पडत असताना ती किती काळ तग धरते, म्हणजेच तिचे थकवा-सामर्थ्य किती, यावरच सारे अवलंबून असते. गेल्या काही महिन्यांत या भुजेचे तीन लॉट आम्ही बाहेरच्या एका उष्णोपचार सेवेकडून ऑस्टेम्परिंग (तापवून वितळलेल्या मिठाच्या कुंडात थंड करण्याची प्रक्रिया) करून घेतले. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एका चुकीचाही उल्लेख आहे. पण बिडाची हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेणाऱ्याने नेमके काय पाहावे, हे मला या तीन लॉटांत जितके शिकायला मिळाले तितके आधीच्या कित्येक वर्षांत मिळाले नव्हते, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही भुजा पूर्वी साध्या राखाडी बिडाची होती. राखाडी बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते आणि प्रत्येक पापुद्र्याचे टोक म्हणजे आत आधीपासूनच असलेली एक बारीक भेग असते. भार पडला की तडा एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंत सरकत जातो, आणि मधल्या धातूला फारसा प्रतिकार करण्याची संधीच मिळत नाही. याच कारणामुळे राखाडी बीड बाहेरच्या खाचेला फारसे दबत नाही, हेही खरे आहे: ज्याच्या पोटात हजारो खाचा आहेत त्याला आणखी एका खाचेने मोठा फरक पडत नाही. पण त्यामुळेच अशा बिडाचा गाभा, म्हणजे ग्रॅफाइटच्या मधला धातू, उष्णोपचाराने कितीही सुधारला तरी थकव्यात मिळणारा फायदा तुटपुंजा राहतो. भट्टी गाभ्याची रचना बदलते, पण ओतकामातच ठरून गेलेला ग्रॅफाइटचा आकार ती बदलत नाही. मॅलिएबल बीड हा याला अपवाद आहे, कारण तिथे पांढऱ्या बिडातले कार्बाइड (लोह आणि कार्बनचे कठीण संयुग) दीर्घ तापनाने फोडून ग्रॅफाइट तयार केले जाते. पण तो मार्ग आमच्या कामाचा नव्हता.

म्हणून आम्ही एसजी आयर्नकडे, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटच्या बिडाकडे, वळलो. मॅग्नेशियमच्या अगदी थोड्या अंशाने, साधारण ०.०३ ते ०.०५ टक्क्यांनी, ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात गोठते. हे तंत्र १९४८ साली उद्योगजगतासमोर आले आणि बिडाचा ठिसूळपणा ही अटळ गोष्ट राहिली नाही. गोळीला टोक नसते, त्यामुळे तिच्या कडेला ताण पापुद्र्याइतका एकवटत नाही. तडा कुठे सुरू होणार आणि किती वेगाने पुढे जाणार हे मग गोळ्यांच्या मधला धातू ठरवू लागतो, आणि इथेच उष्णोपचाराला खरा वाव मिळतो. ओतल्या अवस्थेतील पर्लाइटी (मऊ लोह आणि कार्बाइड यांचे पातळ थर असलेल्या) एसजी आयर्नवर आमचे काम काही काळ चालले. पुढे भुजेचे वजन कमी करायचे ठरले, काटछेद बारीक झाला, आणि ऑस्टेम्परिंगचा विचार करणे भाग पडले.

या सेवेची पहिली गोष्ट मला मनापासून आवडली ती ही, की त्यांनी लगेच काम स्वीकारले नाही. ड्रॉइंग पाठवल्यावर त्यांनी आधी ओतकामाची रासायनिक घटना मागितली, नंतर सर्वात जाड आणि सर्वात बारीक भागाची जाडी विचारली, आणि शेवटी प्रत्यक्ष भुजेतून कापलेला एक तुकडा मागवून घेतला. आम्ही वेगळ्या ओतलेल्या चाचणी-दांडीचा तुकडा देऊ केला होता, तो त्यांनी नम्रपणे परत पाठवला. दांडी लवकर थंड होते, तिच्यातल्या गोळ्या बारीक आणि दाट असतात, आणि त्यावरून भुजेच्या जाड बॉसमध्ये (भोकाभोवतीच्या जाड भागात) काय आहे हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

तुकडा पॉलिश करून, अजून नायटल (रचना उघडी करणारे नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचे द्रावण) न लावता, त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. फिकट पार्श्वभूमीवर काळ्या गोळ्या, बहुतेक छान गोल, काही थोड्या दबलेल्या. एका चौरस मिलिमीटरमध्ये किमान १०० गोळ्या आणि त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक नीट गोल, एवढी त्यांची अट होती. मँगनीज ०.३ टक्क्यांच्या आत असावे, हीही. या अटीमागचे कारण थकव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बीड गोठताना मँगनीज आणि मॉलिब्डेनम गोळ्यांपासून दूर, सर्वात शेवटी गोठणाऱ्या सीमांवर ढकलले जातात. तिथे कार्बाइड बनू शकते, आणि तिथला ऑस्टेनाइट (तापल्यावर बनणारी, कार्बन विरघळवून घेणारी लोहाची रचना) ठरलेल्या वेळेत बदलत नाही, मग खोलीच्या तापमानाला आल्यावर त्याचे मार्टेन्साइट, म्हणजे कठीण पण ठिसूळ रचना, होते. गोळ्या जितक्या दाट, तितक्या या सीमा लहान आणि विखुरलेल्या. विरळ गोळ्यांच्या बिडात भट्टीवाला कितीही काटेकोर असला तरी या जागा कमकुवत राहतात. ओतशाळेतला दोष भट्टीत दुरुस्त होत नाही, हे वाक्य त्यांच्या तंत्रज्ञाने त्या दिवशी दोनदा उच्चारले.

दुसरा मुद्दा प्रतीच्या निवडीचा. याच ठिकाणी बहुतेक ग्राहक चुकतात असे मला वाटते, आणि आम्हीही चुकणार होतो. आमची मागणी सरळ होती: जास्तीत जास्त काठिण्य द्या. अमेरिकी मानकात ऑस्टेम्पर केलेल्या एसजी आयर्नच्या प्रती ७५० मेगापास्कलपासून १६०० मेगापास्कलपर्यंतच्या ताण-सामर्थ्याने ओळखल्या जातात, आणि आम्ही १४०० च्या प्रतीवर बोट ठेवले होते. त्यांनी १०५० ची प्रत सुचवली. कारण समजून घ्यायला प्रक्रिया समजून घ्यावी लागते.

भुजा आधी साधारण ९०० अंश सेल्सियसला तापवतात, तेव्हा गाभा पूर्ण ऑस्टेनाइट होतो आणि ग्रॅफाइटमधला कार्बन त्यात विरघळतो. मग ती वितळलेल्या मिठाच्या कुंडात बुडवतात, ज्याचे तापमान साधारण २३५ ते ४०० अंशांच्या दरम्यान कुठेतरी ठरवलेले असते, आणि तिथेच तास-दोन तास किंवा त्याहून जास्त वेळ ठेवतात. या वेळात ऑस्टेनाइटमधून फेराइटच्या (जवळजवळ कार्बन नसलेल्या लोहाच्या) बारीक सुया वाढतात. सुयांना कार्बन नको असतो, तो त्या शेजारच्या ऑस्टेनाइटमध्ये ढकलतात. पोलादात अशा वेळी कार्बाइड बनून बेनाइट तयार होते, पण एसजी आयर्नमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास असलेले सिलिकॉन कार्बाइडला रोखून धरते. परिणामी, कार्बनने भरलेला ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही स्थिर राहतो. सुया आणि हा स्थिर ऑस्टेनाइट यांच्या जोडरचनेला ऑसफेराइट म्हणतात, आणि या मालाचे सारे गुण तिथून येतात. भुजा कुंडातून लवकर काढली तर ऑस्टेनाइटला पुरेसा कार्बन मिळालेला नसतो आणि त्याचे मार्टेन्साइट होते. फार वेळ ठेवली तर तोच ऑस्टेनाइट फुटून फेराइट आणि कार्बाइड बनते. या दोन टोकांमधली मोकळी जागा हीच खरी कामाची वेळ.

कुंडाचे तापमान कमी ठेवले की सुया बारीक होतात, काठिण्य आणि ताण-सामर्थ्य वाढते, पण ऑस्टेनाइट कमी उरतो. तापमान जास्त ठेवले की सुया जाडसर होतात आणि ऑस्टेनाइटचे प्रमाण वाढते. पोलादाच्या सवयीने आपण धरून चालतो की ताण-सामर्थ्य वाढले की थकवा-सामर्थ्यही त्याच प्रमाणात वाढेल. इथे तसे होत नाही. खालच्या प्रतींत थकवा-मर्यादा ताण-सामर्थ्याच्या निम्म्याच्या जवळ जाते, तर सर्वात कठीण प्रतींत ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घसरते. म्हणजे ताण-सामर्थ्यात केलेली मोठी वाढ थकव्यात जवळजवळ नाहीशी होऊ शकते, शिवाय तन्यता (न तुटता ताणले जाण्याची क्षमता) गमवावी लागते ती वेगळीच. भरपूर ऑस्टेनाइट असलेली रचना नव्या तड्याच्या टोकाशी काम करते: तिथला ताण ऑस्टेनाइटला मार्टेन्साइटमध्ये बदलतो, या बदलात आकारमान वाढते, आणि वाढलेले आकारमान टोकाला दाबून धरते. कठीण प्रतींत असा राखीव साठा थोडाच उरतो. दातेरी चाकाला झिजेसाठी १४०० ची प्रत योग्य ठरेल, पण वाकणाऱ्या भुजेला नाही. ग्राहकाने मागितले तेच देऊन मोकळे होण्याऐवजी त्यांनी हे समजावून सांगितले, याबद्दल मी या सेवेला पूर्ण गुण देतो.

पहिला लॉट वेळेत आला. सोबत भट्टीचा आणि कुंडाचा तापमान-आलेख, काठिण्याच्या नोंदी आणि सूक्ष्मरचनेचे एक छायाचित्र होते. आमच्या चाचणी-मंचावर या लॉटमधली एक भुजा अपेक्षेपेक्षा फारच लवकर मोडली, आणि माझा पहिला संशय अर्थातच हीट ट्रीटमेंटवर गेला. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तेव्हा तड्याचा उगम पृष्ठभागापासून जरा आत, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा एका खडबडीत पोकळीपाशी होता. ओतकाम गोठताना धातूचा पुरवठा अपुरा पडला की अशा पोकळ्या राहतात. एसजी आयर्नमध्ये थकव्याचे तडे पुष्कळदा गोळ्यांपासून सुरू न होता अशा पोकळ्यांपासून किंवा मॅग्नेशियमच्या मळीपासून सुरू होतात, आणि पोकळी पृष्ठभागाच्या जितकी जवळ व आकाराने जितकी मोठी, तितके आयुष्य कमी. दोष ओतशाळेचा होता. राइझरची (गोठताना जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याची) जागा बदलून घेतली आणि तो प्रश्न मिटला. सेवेला मी पाठवलेले रागाचे पत्र मात्र मला मागे घ्यावे लागले.

दुसऱ्या लॉटमध्ये चूक त्यांचीच होती. कागदावर सर्व काही बरोबर होते. काठिण्य ठरलेल्या पट्ट्यात होते आणि छायाचित्र उत्तम होते. तरीही दोन भुजांना बॉसच्या मुळाशी, जिथे भुजा बॉसला गोलाईने मिळते तिथे, लवकर तडे गेले. या वेळी मी पत्र लिहिण्याआधी भुजा कापली. नेमक्या मुळाशी तुकडा घेतला, पॉलिश केला, आणि दोन टक्क्यांच्या नायटलने काही सेकंद कोरला. भुजेच्या बारीक भागात ऑसफेराइटची एकसारखी सुईदार वीण होती. पण जसजसा मी सूक्ष्मदर्शकाचे पटल बॉसकडे सरकवत गेलो तसतसे त्या विणीत गडद डाग दिसू लागले, आधी एखाददुसरा, मग दाट. मोठ्या भिंगाखाली त्या डागांत पर्लाइटचे पातळ थर स्पष्ट दिसत होते. म्हणजे जाड भाग कुंडात पुरेशा वेगाने थंड झाला नव्हता, आणि सुया वाढायला लागण्याआधीच ऑस्टेनाइटच्या काही भागाचे पर्लाइट होऊन गेले होते.

कारण शोधायला आम्ही त्यांचाच आलेख पुन्हा काढला, आणि कारण तिथे आधीपासून छापलेले होते. पहिल्या लॉटच्या वेळी माल बुडवताच कुंडाचे तापमान जरासे वर जाऊन लगेच खाली आले होते. दुसऱ्या लॉटच्या आलेखात तो उंचवटा बराच मोठा होता आणि मूळ पातळीवर यायला खूप वेळ लागला होता. टोपली गच्च भरली होती. मधल्या भुजांभोवती मीठ नीट खेळले नाही, आणि इतक्या तापलेल्या धातूची उष्णता कुंडाला झपाट्याने ओढता आली नाही. काठिण्य मोजले गेले ते टोपलीच्या कडेच्या भुजांवर, तेही बारीक भागाच्या सपाट पृष्ठावर. छायाचित्रही तिथलेच. पर्लाइटचे काठिण्य या प्रतीच्या खालच्या टोकापासून फार दूर नसते, त्यामुळे बॉसवर मोजले असते तरी थोड्या पर्लाइटची शंका आली असतीच असे नाही. काठिण्याचा आकडा एका बिंदूची सरासरी सांगतो, पण तडा सर्वात कमकुवत जागा शोधतो. थकव्यासाठी काम करून घेणाऱ्याने केवळ त्या आकड्यावर माल स्वीकारू नये, असे माझे आता ठाम मत आहे.

त्यांनी चूक मान्य केली. हे लिहिणे आवश्यक आहे, कारण आलेख त्यांनीच दिला होता आणि तो नसता तर वाद ओतकामाच्या घटनेवर जाऊन अडकला असता. बिडातले तांबे किंवा निकेल वाढवून जाड भागाला अधिक सवलत देता येते, आणि तसे त्यांनी सुचवलेही, पण मुळात ठरलेल्या मांडणीत पहिला लॉट नीट झालेला असल्यामुळे तो उपाय आम्ही नाकारला. त्याऐवजी टोपलीतील भुजांची संख्या ठरवून घेतली. बॉसचे भोक आधी भरीव ठेवून नंतर पाडले जात होते, ते आता उष्णोपचारापूर्वीच ढोबळ पाडले जाते, त्यामुळे थंड व्हायची जाडी कमी झाली. याला एक पथ्य आहे. ऑस्टेम्परिंगमध्ये भाग किंचित वाढतो, आणि सुरुवातीला फेराइट जास्त असेल तर अधिक, पर्लाइट जास्त असेल तर कमी वाढतो. म्हणजे ओतलेल्या मालाची रचना लॉटागणिक बदलत राहिली तर भोकाचे मापही बदलत राहणार. अंतिम माप नंतरच काढावे लागते, आणि हत्यार पुरेसे खोल न लावता नुसते घासत राहिले तर त्याखालचा ऑस्टेनाइट कठीण होऊन हत्याराची धार लगेच जाते. आमच्या मशीनिंग विभागाला हे जमवायला काही दिवस लागले.

तिसऱ्या लॉटमध्ये आम्ही मुळाच्या गोलाईवर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा) करून घेतले, अर्थात ऑस्टेम्परिंगनंतर, कारण आधी केले तर ९०० अंशांत त्याचा मागमूस राहत नाही. या मालाला पीनिंग जितके लाभते तितके फार थोड्या धातूंना लाभत असेल. छर्‍यांच्या माऱ्याने पृष्ठभागातल्या ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होते, आकारमान वाढते, आणि पीनिंगमुळे येणाऱ्या नेहमीच्या दाबात या वाढीची भर पडते. तडा उघडायला ओढ लागते, आणि तिथे आता उलट दाब बसलेला असतो. क्रँकशाफ्टच्या गोलाईवर रोलिंग करण्यामागेही हेच तत्त्व आहे. तिसऱ्या लॉटमधल्या ज्या भुजा मंचावर लावल्या त्या सगळ्यांनी एक कोटी फेरे पूर्ण केले. भुजा मोजक्या होत्या, त्यामुळे यावरून मी आकडा काढणार नाही. थकव्याच्या चाचण्यांत विखुरणे इतके असते की चार नमुन्यांवर मर्यादा सांगणे योग्य नव्हे.

काही लहान तक्रारी. बंद भोकांमध्ये मीठ राहून जाते, आणि ते ओलावा ओढून घेते. पहिल्या दोन लॉटांत अशा भोकांच्या तोंडाशी गंज दिसला. गरम पाण्याने दुसऱ्यांदा धुण्याचे त्यांनी कबूल केले, पण प्रत्येक वेळी आठवण करून द्यावी लागते. पत्रांची उत्तरे उशिरा येतात. ऑस्टेम्पर केलेले एसजी आयर्न ताणाखाली पाण्याच्या सतत संपर्कात आले की त्याची तन्यता घटते, ही माहिती ग्राहकाला आधीच द्यायला हवी होती. आमच्या यंत्रात भुजेवर पाणी येत नाही म्हणून निभावले. भट्टीतल्या वातावरणावर मात्र त्यांचे लक्ष चांगले आहे. तीनही लॉटांत पृष्ठभागाचा कार्बन उडालेला मला आढळला नाही, आणि थकव्याच्या कामात ही साधी गोष्ट नाही, कारण कार्बन गमावलेली मऊ साल म्हणजे तड्याला मिळालेले आयते दार.

ज्यांना फक्त झीज थांबवायची आहे आणि ज्यांच्या भागांची जाडी सर्वत्र सारखी आहे, त्यांना ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. जाड-बारीक भाग एकत्र असलेल्या, सतत वाकणाऱ्या कामासाठीही सुचवीन, पण टोपली कशी भरायची हे कागदावर ठरवून घेऊनच. चौथा लॉट आम्ही त्यांच्याकडेच दिला आहे. त्यासोबत टोपलीच्या मधोमध ठेवलेली एक भुजा बॉसच्या मुळाशी कापून, कोरून, न पुसता पाठवायची आहे, आणि तो तुकडा आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच बाकीचा माल उतरवून घेतला जाणार आहे.